आवाज हातोहाती न्यावा

नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, आवाजानं समृद्ध आहे. गोदाकाठच्या सरला बेटाचा गंगागिरी महाराजांचा सप्ताह, मढीला कानिफनाथांच्या यात्रेतला गजर, संगमनेरच्या कांताबाई सातारकरांच्या फडातली ढोलकी, नगरच्या चर्चमध्ये गायली जाणारी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं, अकोल्याच्या डोंगरातली ठाकर बायांची गाणी आणि घरोघरी पहाटे जात्यावर म्हटलेल्या ओव्या. यातलं पुष्कळ काही गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत कुणी ना कुणी हौसेनं टेपवर घेतलेलं आहे. त्या कॅसेटी अजून आहेत; त्या वाजवणारी यंत्रं मात्र घराघरांतून गेली.

शाळेतल्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी हेच काम हाती घेतलं. कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवायची, मिळेल ते रीतसर डाउनलोड करायचं, फोनमधलं बाहेर काढायचं आणि ज्याला जसं हवं तसं पेन ड्राइव्हवर भरून द्यायचं. घरचा साधा कॉम्प्युटर, एक जुना टेपरेकॉर्डर आणि फुकट मिळणारी सॉफ्टवेअर, एवढ्यावर हे सगळं होतं. करता करता जे उमगलं, ते क्रमानं सांगते.

१. आधी घरचे आवाज उतरवा, बाजारातले नंतर

कॅसेटींचा ढीग समोर आला की हात आधी गाजलेल्या भजनांच्या आणि सिनेमाच्या कॅसेटींकडे जातो. त्या बाजूला ठेवा. कंपनीनं काढलेल्या कॅसेटीची मूळ प्रत कंपनीकडे असते, हजारो घरांत तीच कॅसेट असते. तुमच्या आजोबांनी गावच्या पारावर केलेलं भारूड मात्र जगात एकाच जागी आहे, तुमच्या हातातल्या त्या कॅसेटीवर. वर लेबल नसलेली, पेनानं काहीतरी खरडलेली कॅसेट सगळ्यांत आधी लावा.

नगरजवळच्या अरणगावला मेहेरबाबा या सत्पुरुषांचं मेहेराबाद आहे. मेहेरबाबांनी १० जुलै १९२५ रोजी मौन धरलं आणि ३१ जानेवारी १९६९ रोजी देह ठेवीपर्यंत ते सोडलं नाही. त्यांच्या सहवासातल्या मंडळींनी पुढे भेटीला येणाऱ्यांना ज्या आठवणी सांगितल्या, त्या टेपवर घेतल्या गेल्या. बाबांचा शब्द ऐकता येत नाही, पण त्यांच्यासोबत राहिलेल्यांच्या तोंडून तो काळ ऐकता येतो. घरातल्या वडीलधाऱ्यांचं महत्त्व मला इथे कळलं. पणजीचा आवाज नसेल. पण पणजीबद्दल बोलणारी आजी आज समोर बसलेली आहे. तिच्यापुढे फोन ठेवून आजच रेकॉर्डिंग सुरू करा.

२. कॅसेट लावण्याआधी तिची तब्येत बघा

फिलिप्सनं कॉम्पॅक्ट कॅसेट १९६३ मध्ये आणली. तिच्यातली फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद असते आणि सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर या वेगानं धावते. इतक्या नाजूक वस्तूनं कौलारू घरात तीस पावसाळे काढलेले असतात, हे ध्यानात ठेवून तिला हात लावावा.

आधी उजेडात धरून बघा. फितीच्या गुंडाळीवर पांढरी पूड दिसली तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट तशीच टेपमध्ये घातली तर बुरशी टेपच्या हेडला, म्हणजे फितीवरचा आवाज वाचणाऱ्या भागाला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटीला चिकटते. फीत जिथून हेडला टेकते तिथे आत एक छोटी लोकरीची गादी असते. ती गळून पडली असेल तर आवाज दबलेला, दुरून आल्यासारखा येतो. अशा वेळी दुसऱ्या एखाद्या निरुपयोगी कॅसेटीचं कवच घ्यावं आणि फितीची चाकं अलगद त्यात बसवावीत. कवचाला स्क्रू असतील तर हे काम सोपं. चिकटवलेलं असेल तर ब्लेडनं शिवण उसवावी लागते.

बरीच वर्षं न वाजलेली कॅसेट एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळून घ्यावी, म्हणजे चिकटलेले वेढे सुटतात. नव्वद मिनिटांपर्यंतच्या कॅसेटी हे सोसतात. एकशेवीस मिनिटांच्या कॅसेटीची फीत फार पातळ असते. ती पेन्सिलीनं हातानंच गुंडाळावी. टेपचं हेड दर दोन-तीन कॅसेटींनंतर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पुसावं. काडीवर तपकिरी डाग येतो, तो फितीचाच झडलेला थर असतो.

३. केबल माइकच्या नव्हे, लाइन-इनच्या भोकात

टेपरेकॉर्डरच्या हेडफोनच्या किंवा लाइन-आउटच्या भोकातून केबल काढायची आणि कॉम्प्युटरच्या निळ्या, म्हणजे लाइन-इनच्या भोकात घालायची. गुलाबी भोक माइकचं असतं. माइकमधून येणारा इशारा फार क्षीण असतो, म्हणून कॉम्प्युटर तो कैक पटींनी वाढवून घेतो. तिथे टेपचा दणकट आवाज सोडला की तो फाटतो. लॅपटॉपला बहुतेक एकच भोक असतं आणि तेही हेडफोन-माइकचं. त्यासाठी लाइन-इन असलेलं यूएसबी साउंड कार्ड घ्यावं.

रेकॉर्डिंगसाठी ‘ऑडॅसिटी’ हे फुकट सॉफ्टवेअर पुरेसं आहे. कीर्तनात बुवा शांतपणे निरूपण करतात आणि मधेच सगळे टाळकरी, मृदंग, श्रोते एका दमात विठ्ठलनामाचा गजर करतात. पातळी निरूपणावर बेतली तर गजर फाटणारच. म्हणून आधी कॅसेटीतला गजराचा भाग शोधून वाजवावा, त्यावेळी पडद्यावरची पातळीची पट्टी उणे सहा डेसिबलच्या पुढे जाणार नाही असा आवाज ठेवावा आणि मग सुरुवातीपासून उतरवायला घ्यावं. हळू आवाज नंतर वाढवता येतो. फाटलेला आवाज सांधता येत नाही.

हे काम घाईनं होत नाही. नव्वद मिनिटांच्या कॅसेटीला नव्वद मिनिटं लागतात. तेवढा वेळ कानाला हेडफोन लावून वही-पेन घेऊन बसावं. कोणत्या मिनिटाला अभंग लागला, कुठे कुणाचं नाव आलं, हे तेव्हाच टिपून होतं.

४. वेग चुकला असेल तर पेटीला विचारा

गावातली जुनी रेकॉर्डिंग बहुधा सेलवर चालणाऱ्या टेपवर झालेली असतात. सेल उतरत गेले की मोटर मंदावते आणि फीत हळू सरकत असताना आवाज नोंदला जातो. तीच कॅसेट आज योग्य वेगानं वाजवली की भारदस्त बुवांचा आवाज चिरका आणि घाईचा वाटतो. शेवटाकडे चिरकेपणा आणखी वाढतो, कारण तोवर सेल आणखी उतरलेले असतात.

हे दुरुस्त करण्याची खूण रेकॉर्डिंगमध्येच असते. कीर्तनात पेटी असते आणि पेटीचे सूर ठरलेले असतात. घरची पेटी जवळ घ्यावी, कॅसेटीतला षड्ज कुठे लागतो ते बघावं. तो काळी एक आणि पांढरी दोन यांच्या मधेच कुठेतरी लोंबकळत असेल तर वेग चुकलेला आहे. लगतच्या दोन सुरांमधलं अंतर म्हणजे वेगात सुमारे सहा टक्क्यांचा फरक. बुवांची पट्टी ठाऊक असलेला एखादा जुना पेटीवाला गाठावा, मग अंदाज उरत नाही. त्या हिशेबानं ऑडॅसिटीत ‘चेंज स्पीड अँड पिच’ वापरावं. त्यानं सूर आणि लय दोन्ही एकत्र खाली येतात. नुसता सूर किंवा नुसती लय बदलणारी वेगळी साधनं तिथे आहेत, त्यांच्या वाटेला जाऊ नये. फीत हळू चालली तेव्हा दोन्ही एकदमच बदललेले असतात. शेवटाकडे फरक वाढत गेला असेल तर दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून प्रत्येकाचा वेग वेगळा लावावा.

५. मूळ प्रत एकदा केली की तिला हात लावायचा नाही

पहिली उतरवलेली फाइल ‘वेव्ह’ या प्रकारात ठेवावी. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक नमुना १६ बिटचा, हा सीडीचा दर्जा झाला. दोन चॅनेलची अशी फाइल मिनिटाला दहा एमबीच्या वर जागा घेते. नव्वद मिनिटांची कॅसेट साडेनऊशे एमबीच्या घरात जाते. गावातल्या टेपला एकच माइक असतो, म्हणून ‘मोनो’मध्ये उतरवलं तरी काही बिघडत नाही आणि जागा निम्मी लागते. ‘फ्लॅक’ हा प्रकार वापरला तर आवाजातलं काहीही न गमावता फाइल आणखी आटते.

एमपीथ्री मात्र आवाजातला काही भाग कायमचा टाकून लहान होते. ऐकायला ती उत्तम, पण एमपीथ्री उघडायची, कापायची, पुन्हा एमपीथ्री करायची, असं दोन-चारदा झालं की टाळांची किणकिण खरखरीत होते.

आमच्या नेवाशाचंच उदाहरण घ्या. शके १२१२, म्हणजे १२९० साली ज्ञानोबांनी तिथे ज्ञानेश्वरी सांगितली आणि सच्चिदानंद बाबांनी ती लिहून घेतली. पुढे नकलेवरून नक्कल होत गेली, तसे पाठ बिघडत गेले. शके १५०६ मध्ये, १५८४ साली, एकनाथ महाराजांनी उपलब्ध पोथ्या ताडून शुद्ध प्रत सिद्ध केली. नाथांना एवढे कष्ट घ्यावे लागले, कारण पहिली प्रत हाताशी नव्हती. आपल्याकडे ती ठेवण्याची सोय आहे. ‘मूळ’ नावाचा फोल्डर करावा, त्यातल्या फाइली ‘रीड ओन्ली’ कराव्यात आणि सगळी कापाकाप त्यांच्या नकलेवर करावी.

६. जात्याची घरघर काढू नका

ऑडॅसिटीत ‘नॉइज रिडक्शन’ची सोय आहे. ज्या ठिकाणी नुसती टेपची सळसळ आहे असा सेकंदभराचा तुकडा निवडायचा, सॉफ्टवेअर त्या सळसळीची ओळख करून घेतं आणि मग ती सगळ्या फाइलीतून वजा करतं. सहा ते नऊ डेसिबलपर्यंत हे ठीक. त्यापुढे गेलात तर माणूस पाण्याखालून बोलल्यासारखा वाटतो.

पण मुळात काय काढायचं, हे यंत्राला ठरवता येत नाही. माझ्या आत्यानं नेवासे तालुक्यातल्या घरी जात्यावर म्हटलेल्या ओव्या माझ्याकडे आहेत. ओवीखाली जात्याची घरघर सतत आहे. आत्या सुपातली मूठ जात्यात वैरते, तेव्हा घरघर जड होते आणि ओळ क्षणभर लांबते. दाणे संपत आले की दगड दगडावर घासून आवाज कोरडा होतो आणि पुढची ओळ चटकन येते. ओवीची लय त्या खुंट्याच्या फेऱ्यावर बसलेली आहे. मधेच बांगड्या खुंट्यावर वाजतात, दूरवर गाय हंबरते. सॉफ्टवेअरच्या लेखी हा सगळा गोंगाट आहे. तो काढला तर ओवी का थांबली, का धावली, हे कुणालाच कळणार नाही.

म्हणून माझा नियम एवढाच: टेपनं घातलेला आवाज कमी करावा, घरानं घातलेला ठेवावा. वीजपुरवठ्याची गुणगुण, फितीची सळसळ, बटण दाबल्याचा खटका हे टेपचे. जातं, टाळ, श्रोत्यांचं खोकणं, कीर्तनात मागे रडणारं पोर हे त्या जागेचे.

७. फाइलीला नाव, गाव आणि तारीख लावा

‘ट्रॅक ०१’, ‘न्यू रेकॉर्डिंग ७’ अशा नावांच्या फाइली वर्षभरानं करणाऱ्यालाही ओळखू येत नाहीत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त जात्यावरच्या ओव्या जमवल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या साथीनं त्यातल्या अनेकींचं ध्वनिमुद्रणही झालं. आज तो ठेवा ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहानं सर्वांसाठी खुला केला आहे. त्या कामातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे ओवीसोबत ती गाणारीचं नाव आणि तिचं गाव नोंदलेलं आहे. जात्यावर बसलेल्या बाईला तिच्या रचनेचं श्रेय मिळालं, ते या नोंदीमुळे.

आपण घरी तेच करावं. मी फाइलीचं नाव असं ठेवते: आधी वर्ष-महिना-दिवस, मग गाव, मग गाणारा किंवा बोलणारा, मग विषय. वर्ष आधी लिहिलं की कॉम्प्युटर आपोआप काळाच्या क्रमानं मांडतो. तारीख माहीत नसेल तर नुसतं वर्ष, तेही नसेल तर ‘अंदाजे’. एमपीथ्रीच्या पोटातही शीर्षक, गायक, संग्रह यांसाठी रकाने असतात, तेही भरावेत. आणि कॅसेटीवर जे काही लिहिलं असेल, त्या लेबलचा फोटो त्याच फोल्डरमध्ये टाकावा. आजोबांच्या अक्षरातलं ‘काल्याचं कीर्तन, बाजू दुसरी’ ही पण नोंदच आहे.

८. डाउनलोड करताना फाइलीचं शेपूट बघा

आवाजाच्या फाइलीचं नाव एमपीथ्री, वेव्ह, फ्लॅक, ऑग, एमफोरए अशा अक्षरांनी संपतं. ते ‘ईएक्सई’ किंवा ‘एपीके’नं संपत असेल तर ती फाइल गाणं नसून प्रोग्राम आहे, तिच्यावर क्लिक करायचं नाही. विंडोज ही शेवटची अक्षरं मुळात लपवून ठेवतं. त्यामुळे अभंगाच्या नावापुढे ‘एमपीथ्री’ आणि त्याच्याही पुढे लपलेलं ‘ईएक्सई’ असा डाव सहज खेळता येतो. फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन ‘फाइल नेम एक्सटेन्शन्स’ दाखवायला सांगा. कॉम्प्युटर घरी आला की पहिल्याच दिवशी हे करून ठेवावं.

ज्या पानावर पाच ठिकाणी हिरवी ‘डाउनलोड’ बटणं लुकलुकतात, तिथून काही घेऊ नये. १९९६ पासून चालू असलेल्या ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर जुन्या तबकड्यांची रेकॉर्डिंग मिळतात. तिथे बाजूला ‘डाउनलोड ऑप्शन्स’ची यादी असते, ऐकायला एमपीथ्री आणि जपायला फ्लॅक घ्यावी. फाइल उतरल्यावर लगेच शेवटचं मिनिट वाजवून बघावं. गावाकडे नेट मधेच तुटतं आणि अर्धवट उतरलेली फाइल सुरुवातीला अगदी व्यवस्थित वाजते.

वाजवायला ‘व्हीएलसी’ ठेवावा. फुकट आहे, जाहिराती नाहीत आणि जवळजवळ कोणत्याही प्रकारची फाइल तो वाजवतो.

९. शब्द तुकोबांचे, ध्वनिमुद्रण दुसऱ्याचं

‘अभंग तर सगळ्यांचे, मग डाउनलोड करून वाटले तर काय झालं?’ असं मला वारंवार विचारलं जातं. अभंगाचे शब्द खरोखरच सगळ्यांचे आहेत. पण ज्या चालीत ते बांधले त्या चालीवर संगीतकाराचा हक्क असतो आणि ज्या तबकडीत किंवा फाइलीत ते गायले गेले, तिच्यावर निर्मात्याचा. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्याच्या पुढच्या वर्षारंभापासून ६० वर्षं चालतो. गीतकार आणि संगीतकाराचा हक्क त्यांच्या निधनानंतर ६० वर्षं. गायक, कीर्तनकार, शाहीर यांनाही स्वतःच्या सादरीकरणावर ५० वर्षांचा वेगळा हक्क आहे.

याचा घरगुती अर्थ सोपा आहे. विकत घेतलेल्या कॅसेटीचं रूपांतर स्वतःच्या ऐकण्यापुरतं ठेवावं, त्याच्या प्रती काढून वाटू नयेत. गावच्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग पुढे पाठवण्याआधी बुवांना विचारावं. ते हयात नसतील तर घरच्यांना. मी विचारलं तिथे बहुतेकांनी आनंदानं होकार दिला आणि वर आपल्याकडच्या आणखी कॅसेटी आणून दिल्या. परवानगी मागितल्यानं माणसं जोडली जातात.

१०. फोनमधले व्हॉइस मेसेज वेळेत बाहेर काढा

आजची कॅसेट म्हणजे फोनमधला व्हॉइस मेसेज. ‘पोहोचलीस का गं?’ एवढंच विचारणारा आईचा दहा सेकंदांचा निरोप कुणी जपून ठेवत नाही. फोन बदलला की जातो. त्यात तिची हाक असते, तिचा हेल असतो, आणि तो हेल कोणत्याही मुलाखतीत सापडत नाही.

अँड्रॉइड फोन केबलनं कॉम्प्युटरला जोडा. फोनवर वरून खाली बोट ओढलं की यूएसबीची सूचना दिसते. तिथे ‘फाइल ट्रान्सफर’ निवडा. ते दिसतच नसेल तर केबल बदला. काही केबलींतून फक्त चार्जिंग होतं. मग फोनच्या मेमरीत ‘अँड्रॉइड’, त्यात ‘मीडिया’, त्यात ‘कॉम.व्हॉट्सअॅप’, त्यात ‘व्हॉट्सअॅप’, पुन्हा ‘मीडिया’ आणि त्यात ‘व्हॉट्सअॅप व्हॉइस नोट्स’ असं आत शिरा. फाइली ‘ओपस’ प्रकारच्या असतात आणि नावातच तारीख असते. कुणाचा निरोप आहे हे मात्र नावात नसतं. म्हणून आधी फोनवर त्या माणसाच्या गप्पांत जाऊन तारखा टिपाव्यात, मग त्या तारखांच्या फाइली कॉम्प्युटरवर ऐकून वेगळ्या काढाव्यात.

उलट दिशेला, मोठं रेकॉर्डिंग व्हॉट्सअॅपवर पाठवायचं असेल तर ते ऑडिओ म्हणून न पाठवता ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावं. तसं केलं तर दोन तासांचं कीर्तनही एका फाइलीत जातं आणि नावही शाबूत राहतं.

११. पेन ड्राइव्ह ऐकणाऱ्याच्या यंत्राप्रमाणे भरा

उसाचा हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या वाटेवर ट्रॅक्टरची रांग लागते आणि प्रत्येक ट्रॅक्टरवर स्पीकर असतो. ट्रॅक्टरचा डेक, मंदिरातला अॅम्प्लिफायर, आजीच्या उशाशी ठेवलेला चिपचा स्पीकर, यातलं प्रत्येक यंत्र वेगळं वागतं. पेन ड्राइव्ह भरण्याआधी मी पहिला प्रश्न विचारते: कशात लावणार?

बहुतेक साध्या डेकना ‘फॅट ३२’ पद्धतीनं फॉरमॅट केलेला पेन ड्राइव्हच कळतो. ६४ जीबीच्या आणि त्यावरच्या पेन ड्राइव्हवर कारखान्यातूनच वेगळी पद्धत आलेली असते, म्हणून १६ किंवा ३२ जीबीचा घ्यावा. फाइल एमपीथ्रीच करावी, ती सगळीकडे वाजते. गाण्याला १२८ केबीपीएस हा किमान दर. नुसत्या निरूपणाला मोनोमध्ये ६४ पुरतो. त्या दरानं दोन तासांचं कीर्तन साठ एमबीच्या आत बसतं.

क्रमाकडे विशेष लक्ष द्यावं. पारायणासाठी ज्ञानेश्वरीचे अठरा अध्याय भरले आणि फाइलींना १, २, ३ अशी नावं दिली तर बरीच यंत्रं पहिल्या अध्यायानंतर दहावा वाजवतात, मग अकरावा, आणि अठरावा झाल्यावर दुसरा. कारण ती आकडा न वाचता अक्षरं वाचतात. ०१, ०२ असं लिहिलं की हा घोळ मिटतो. काही स्वस्त डेक तर नावाकडे बघतच नाहीत. ज्या क्रमानं फाइली पेन ड्राइव्हवर चढल्या त्याच क्रमानं वाजवतात. त्यांच्यासाठी पेन ड्राइव्ह आधी रिकामा करून एकेक अध्याय क्रमानं कॉपी करावा. डेकच्या पडद्यावर देवनागरीऐवजी चौकोन दिसत असतील तर नाव रोमन लिपीत द्यावं. आणि दिवा लुकलुकत असताना पेन ड्राइव्ह उपसू नये. ‘सेफली रिमूव्ह’ करूनच काढावा.

म्हाताऱ्या माणसांना फाइल-फोल्डर नको असतं, बटण हवं असतं. २०१७ मध्ये आलेल्या ‘सारेगामा कारवां’सारख्या रेडिओला पेन ड्राइव्हची सोय आहे. त्यात मोजकी, ओळखीची वीस-पंचवीस रेकॉर्डिंग भरावीत. हजार गाणी भरली तर हवं ते कधीच सापडत नाही.

१२. तीन प्रती, आणि त्यातली एक परक्या गावी

मूळ फाइलींच्या तीन प्रती असाव्यात: एक कॉम्प्युटरवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या घरी. माझी तिसरी प्रत पुण्याला लेकीच्या घरी असते. एकाच कपाटात ठेवलेल्या तीन प्रती चोरी, आग आणि पाणी यांच्या दृष्टीनं एकच असतात.

पेन ड्राइव्ह आणि मेमरी कार्ड ही ने-आण करायची साधनं आहेत. वर्षानुवर्षं वीज न मिळता पडून राहिली तर त्यांच्यातली नोंद पुसट होते. हार्ड डिस्कही नुसती बंद करून ठेवू नये. दर दिवाळीत साफसफाईच्या वेळी ती जोडावी, प्रत्येक फोल्डरमधली दोन-चार रेकॉर्डिंग मधूनच वाजवून बघावीत आणि चार-पाच वर्षांनी सगळं नव्या डिस्कवर हलवावं. फाइली उतरवून झाल्या तरी कॅसेट फेकू नये. उद्या अधिक चांगलं यंत्र मिळालं तर पुन्हा तिच्याकडेच जावं लागेल.

१३. हे काम एका माणसावर ठेवू नका

सप्ताहात वीणा सात दिवस खाली टेकत नाही. एकाचा पहारा संपला की दुसरा ती गळ्यात घेतो. म्हणून नाम अखंड राहतं. ध्वनीचं कामही असंच पाळीपाळीनं चाललं तर टिकेल. एका हौशी माणसानं सगळं उतरवलं आणि पासवर्ड त्याच्याबरोबरच गेला, असं होता कामा नये.

म्हणून माझी सूचना अगदी व्यवहाराची आहे. सप्ताहाच्या कमिटीत मंडपाची, पंगतीची, विणेकऱ्यांच्या पहाऱ्याची जबाबदारी जशी एकेकाला नेमून देतात, तशी ध्वनिमुद्रणाची एकाला द्यावी. त्यानं बुवांची परवानगी घ्यावी, काकड्यापासून रात्रीच्या कीर्तनापर्यंत रेकॉर्डिंग करावं, रोज झोपण्याआधी फाइली कॉम्प्युटरवर घेऊन नाव-गाव-तारीख लावावी आणि काल्याच्या दिवशी तीन प्रती तयार ठेवाव्यात. गावातल्या दहावी-बारावीच्या पोरापोरींना हे एका दुपारी शिकवता येतं. मी शिकवलेलं आहे. त्यांचा हात आपल्यापेक्षा जलद चालतो, फक्त काय जपायचं आणि का, हे वडीलधाऱ्यांनी सांगावं लागतं.

पुढच्या वर्षी माणूस बदलला की डिस्क, नोंदवही आणि कामाची पद्धत ही तिन्ही नव्या माणसाच्या हवाली करावीत, तीही सगळ्यांसमोर. एवढी शिस्त ज्या गावानं लावून घेतली, त्या गावाला आपल्या बुवांचा आणि बायाबापड्यांचा आवाज ऐकण्यासाठी कुणाच्या दारात जावं लागणार नाही.